घरी दाखवून येतो

"घरी दाखवून येतो," नाना म्हणायचे.

रंगवलेल्या चामड्याचा बोटभर तुकडा ते रुमालात गुंडाळायचे, रुमाल कोटाच्या आतल्या खिशात घालायचे आणि खिसा वरून एकदा थोपटायचे. मग टोपी नीट करून शेडच्या बाहेर पडायचे. काम कितीही घाईचं असो, गाडीवाला समोर ताटकळत असो, आमचे मालक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असोत, नानांच्या चालीत फरक पडायचा नाही. तुकडा घरी जायचा, घरून परत यायचा, आणि मगच गादीवर रंगाचा पहिला हात फिरायचा.

ही गोष्ट धुळ्याची. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. आग्रा रोडवर मोटार दुरुस्तीची एक पत्र्याची शेड होती आणि मी तिथे इंजिनाचं काम करायचो. गोरे साहेब मायदेशी जाताना आपल्या मोटारी इथेच विकून गेले होते. त्या मोटारी मग वकील, डॉक्टर, जिनिंगवाले यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इंजिनं दणकट होती, पत्रा जाड होता, पण आतल्या चामड्याच्या गाद्यांना आमच्या खानदेशातलं ऊन सोसवलं नव्हतं. रंग उडालेला, भेगा पडलेल्या, शिवण उसवलेली. बसलं की आतली स्प्रिंग टोचायची. नवं चामडं मिळवायचं तर थेट मुंबई गाठावी लागे. त्यामुळे अशा गाड्या जळगावपासून, नंदुरबारपासून आमच्याकडे यायच्या, त्या नानांसाठी.

नाना मूळचे मोटारीचे नव्हेत. त्यांच्या घरात घोड्याचं सामान करायचे. खोगीर, लगाम, टांग्याचे पट्टे, यात त्यांच्या वडिलांची हयात गेली आणि त्यांची अर्धी. पुढे घोडे कमी झाले, मोटारी वाढल्या, तशी त्यांनी आपली आरी, दाभण आणि रापी उचलली आणि आमच्या शेडच्या एका कोपऱ्यात आणून मांडली. उंच, वाळके, खांद्यात थोडे वाकलेले. बोटांची टोकं कायमची काळपट. बोलणं कमी आणि तेही खालच्या आवाजात, जणू जवळ एखादा बुजरा घोडा उभा आहे.

गादी हाती आली की ते आधी ती साबणाच्या कोमट पाण्यानं पुसून काढायचे. मग स्पिरिटचा बोळा फिरवून जुना रंग उतरवायचे. मग एरंडेल. तळहातावर थोडं थोडं घेऊन, दोन-तीन दिवस, चामडं पिईल तेवढं. कोणी विचारलं, "नाना, हे मेलेलं कातडं, याला किती तेल पाजणार?" तर म्हणायचे, "मेलेलं नाही, तहानलेलं आहे." भेगा भरायच्या, पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासायचं, आणि त्यानंतर रंग. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून त्यांनी आपल्या कोपऱ्याला गोणपाटाचा पडदा लावून घेतला होता. रंगाचे हात चालू असताना त्या पडद्याआड कोणी जायचं नाही, हा एकच नियम त्यांनी शेडला घातला होता. आम्हीही तो पाळायचो. पण त्या पडद्याच्या अलीकडे थांबून त्यांची थट्टा मात्र करायचो.

थट्टा त्या घरी दाखवण्याची. "नाना, आज घरून परवानगी मिळाली का?" "नाना, अक्का नाही म्हणाल्या तर गाडी परत पाठवायची का?" नाना हसायचे. म्हणायचे, "तिचं माहेर एरंडोलचं, रंगाऱ्यांच्या गल्लीतलं. लहानपणापासून रंगाच्या हौदावर कामाला जायची. तिची नजर रंगात मुरलेली आहे. आपली कुठे?" यात लपवण्यासारखं काही आहे असं आम्हाला वाटलं नाही. त्यांच्या घरी, म्हणजे त्यांच्या बायकोला, अक्कांना, आमच्यापैकी कोणी फारसं पाहिलं नव्हतं. पण अक्कांचा शब्द शेडमध्ये चालायचा. एकदा एक जिनिंगवाले शेठ अडून बसले की गादीचा रंग आणखी भडक हवा. नानांनी तसा तुकडा केला, घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी येऊन शांतपणे सांगितलं, "घरी नाही म्हणाले."

"कोण नाही म्हणालं?" शेठनी विचारलं.

"घरी."

शेठनी नानांकडे नीट पाहिलं. त्यांच्याही घरी कोणीतरी असणारच. "मग राहू द्या," ते म्हणाले.

आता मागे वळून पाहतो तेव्हा इतरही गोष्टी आठवतात. आंब्याच्या दिवसांत डब्याबरोबर आंबे यायचे, तर नाना प्रत्येक आंबा हातात घेऊन दाबायचे, नाकाशी धरायचे. भाजीत मिरची आहे का ते बोटानं चाचपायचे. कधी एखादी तार मागितली तर "लाल द्या" असं न म्हणता "ती डावीकडची द्या" म्हणायचे. तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं रोज शेजारी बसत होता, तुम्हाला कळलं कसं नाही? नाही कळलं. माणूस नीटनेटका असला की त्याच्या सवयी आपल्याला नीटनेटकेपणातच जमा वाटतात.

जळगावच्या एका डॉक्टरीणबाईंची गाडी आमच्याकडे आली तो दिवस मला चांगला आठवतो. बाई एकट्या राहायच्या आणि गाडी स्वतः चालवायच्या. यावलकडच्या केळीच्या मळ्यांतून, कच्च्या रस्त्यांवरून बाळंतपणं करत फिरायच्या. गाडी एका इंग्रज अंमलदाराकडून घेतलेली, काळी, आतल्या गाद्या मरून रंगाच्या. म्हणजे एके काळी मरून. बाईंनी सांगितलं, "दाखवण्यासाठी नको आहे मला. अडलेली बाई घेऊन दवाखान्यात यायचं असतं, तिला टोचू नये, इतकंच. पण करताच आहात तर रंग आहे तोच राहू द्या." पुढची गादी आधी करून द्यायची आणि मागची सवडीनं, असं ठरलं, कारण गाडी फार दिवस अडवून ठेवणं बाईंना परवडणारं नव्हतं.

नानांनी नेहमीप्रमाणे सगळं केलं. मुंबईहून रंगाचे नवे डबे आले होते, ते घरी नेऊन परत आणले. तुकडा रंगवला, रुमालात गुंडाळला, घरी गेले, परत आले. "घरी बरोबर म्हणाले," असं मालकांना सांगितलं आणि पडदा ओढून घेतला.

ज्या दिवशी बाई गाडी न्यायला आल्या, त्या दिवशी नानांनी पडदा बाजूला केला. गादी लाकडी घोडीवर ठेवलेली होती. वर चपडीचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, शेवटचा हात, मेणानं घासून चमक आणलेली. एक भेग दिसत नव्हती. शिवण सरळ रेषेत. आणि गादी हिरवी होती. शेवाळासारखी काळपट, पण स्वच्छ हिरवी.

नानांनी खांद्यावरच्या फडक्यानं गादीची एक कड उगाच पुसली आणि बाईंकडे पाहिलं. मग मालकांकडे. मग माझ्याकडे. चांगलं काम झाल्यावर माणसं कशी बघतात ते त्यांना ठाऊक होतं. आम्ही तसं बघत नव्हतो. त्यांचा हात फडक्यासकट गादीवर थांबला.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"नाना," मालक म्हणाले, "ही हिरवी आहे."

नानांनी गादीकडे पाहिलं. वाकून, जवळून पाहिलं. गाडीतली मागची मरून गादी उघड्या दारातून दिसत होती, तिच्याकडे पाहिलं. मला अजून दिसतं ते त्यांचं मान वळवणं. इकडे, तिकडे, पुन्हा इकडे. शोधत होते. आणि त्यांना काहीही सापडत नव्हतं.

मालक चिडले. चिडणारच. "तुम्हाला दिसत नाही का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना त्यांचा आवाज उतरला, कारण उत्तर त्यांच्या ध्यानात आलं होतं. नाना म्हणाले, "नाही. लाल नाही दिसत. हिरवाही नाही. दोन्ही मला मातीसारखे दिसतात. जन्मापासून." एवढं बोलून त्यांनी फडकं घडी करून ठेवलं, कोट घातला आणि ते गेले. त्या दिवशी ते काही म्हणून गेले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी गादीवर हात फिरवला. "टोचत नाही ना? मग बसवून द्या," त्या मला म्हणाल्या. "माझी बाई अडली आहे साकळीला. तिला काय करायचा आहे रंग?" मी हिरवी गादी पुढे बसवली आणि बाई निघून गेल्या, पुढे हिरवी आणि मागे मरून अशी गाडी घेऊन. जाताना मात्र त्यांनी विचारलं, "पण इतके दिवस यांना रंग कोण सांगायचं?"

"त्यांची बायको."

"मग या वेळी तिनं कसं नाही सांगितलं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी नाना आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. मग मी त्यांच्या घरी गेलो. जुन्या धुळ्यात, दोन खोल्यांचं घर. नाना भिंतीला टेकून बसले होते. अक्का चुलीपुढे भाकरी थापत होत्या. ठेंगण्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या. नानांनी माझी ओळख करून दिली तशा त्या माझ्याकडे वळल्या, पण त्यांची नजर माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला स्थिरावली. दोन्ही बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखी पांढुरकी छटा होती.

"बठा, भाऊ," त्या म्हणाल्या. मी बसलो. भाकरी तव्यावर टाकून त्यांनी विचारलं, "गादी कोनता रंगनी व्हयनी?"

मी नानांकडे पाहिलं. त्यांनी घरी काही सांगितलेलं नव्हतं असं दिसलं. पण अक्कांना कुणकुण लागली होती.

"हिरवी झाली, अक्का," मी म्हणालो.

"बठ्ठी?"

"पुढची सगळी."

अक्कांनी भाकरी उलटली. हाताच्या अंदाजानं, वाफेच्या अंदाजानं. मग म्हणाल्या, "डबास्ले चिंध्या मीच बांधेल व्हत्यात."

ते असं होतं. नानांना डबे ओळखता यावेत म्हणून अक्का लाल रंगाच्या डब्याला सुती चिंधी बांधायच्या आणि हिरव्याला काथ्याची दोरी. रंग नानांना दिसत नसे, पण चिंधी आणि दोरी हाताला कळत. कित्येक वर्षं हे बिनचूक चाललं होतं. या वेळी नवे डबे आले तेव्हा अक्कांना दोन्ही सारखेच काळे दिसले. त्यांनी वासावरून, अंदाजानं बांधलं. आणि नानांनी तुकडा आणून दाखवला तेव्हाही त्यांना नुसतं गडद काहीतरी दिसलं. त्या म्हणाल्या, बरोबर शे.

"तुले दिसत नही, हाई माले सांगं का नही?" नानांनी विचारलं. रागावून नाही. शेडमध्ये आमच्याशी ते शहरातलं मराठी बोलायचे, घरातली बोली मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

"सांगं असतं ते तुम्ही काम सोडी दिन्हं असतं."

"सोडी दिन्हं असतं," नाना म्हणाले. "मंग काय?"

"मंग दिवसभर घर बशीसन काय करतात? माले रंग इचारतात?" अक्का म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. नानांनाही आलं. मी त्या दोघांच्या मध्ये गरम भाकरी हातात धरून बसलो होतो. ज्याला रंग दिसत नव्हता त्यानं ते जगापासून लपवलं होतं, आणि जिला दिसेनासं झालं होतं तिनं ते त्याच्यापासून. हसू ओसरलं. पण प्रश्न जिथल्या तिथे होता. यापुढे कसं?

मी डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला. पुढच्या खेपेला धुळ्याला आल्या तेव्हा त्या सरळ नानांच्या दारात त्या दोनरंगी गाडीतून उतरल्या. गल्लीतली माणसं गाडी बघायला जमली आणि आतला हिरवा-मरून प्रकार बघून काहीतरी नवी फॅशन असावी अशा चेहऱ्यानं उभी राहिली. बाईंनी बॅटरी लावून अक्कांचे डोळे पाहिले. "मोतीबिंदू आहे. पिकलेला आहे. काढला तर दिसेल."

अक्का चुलीकडे वळल्या. त्यांच्या माहेरच्या गल्लीत एकीनं डोळा कापून घेतला होता आणि तो कायमचा गेला होता. नाना मध्ये पडले. "राहू द्या बाई," ते म्हणाले. "आता जेवढं दिसतं तेवढं पुष्कळ आहे. थोडाफार उजेड आहे, माणूस आलं-गेलं कळतं. तेही गेलं तर? मी काम सोडतो. काळे पट्टे शिवीन टांग्यांचे. काळं मला दिसतं."

त्यांना काम सोडायचं होतं, तिच्या डोळ्याला हात लावू द्यायचा नव्हता. बाईंनी आग्रह केला नाही. "धोका नाही असं मी म्हणणार नाही," इतकंच बोलल्या. मग अक्काच बोलल्या, बाईंशी नाही, नानांशीही नाही, चुलीकडे तोंड करून. "मी नही दखसू, ते यास्ले लाल-हिरवं कोन सांगी?"

एवढं म्हणून त्यांनी हात धुतले. ठरलं होतं.

त्या काळी डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे नंतर कित्येक दिवस खाटेवर उताणं पडून राहायचं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. अक्कांसारख्या कामसू बाईला ते फार जड गेलं. नाना दिवसभर खाटेशेजारी स्टुलावर बसायचे. मी दुपारी चहा घेऊन जायचो. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा नाना अक्कांना आजूबाजूचं वर्णन करून सांगत होते.

"समोरना खाटवर बाई शे. तपकिरी लुगडं नेसेल शे."

"तपकिरी?" अक्का पट्टीआडून म्हणाल्या. "काठ कसा शे?"

"पिवया."

"मंग तपकिरी नही. हिरवं व्हई ते."

समोरच्या खाटेवरची बाई हे ऐकत होती. "हिरवंच शे, माय," ती म्हणाली.

मग तो त्या वॉर्डचा खेळच झाला. नाना जे दिसेल ते सांगायचे आणि अक्का न बघता ते दुरुस्त करायच्या. खिडकीबाहेर गुलमोहर होता. नाना म्हणायचे, झाडावर फुलं नाहीत. अक्का म्हणायच्या, खाली पडलेल्या पाकळ्या आहेत का बघा. नाना उठून खिडकीशी जायचे, वाकून बघायचे आणि येऊन सांगायचे की आहेत. "मंग झाडवर बी शेत," अक्का म्हणायच्या. "लाल फुलं पानंमा तुमले कशी दिसतीन?" नाना मान हलवायचे. कित्येक वर्षं त्यांनी गुलमोहर बिनफुलांचाच पाहिला होता.

पट्टी सुटली त्या दिवशी नाना नवा सदरा घालून आले होते. तो सदरा त्यांनी काही महिन्यांपूर्वी घेतला होता आणि शेडमध्येही घातला होता. आम्हाला तेव्हा जरा नवल वाटलं होतं, पण म्हाताऱ्याची हौस म्हणून कोणी बोललं नव्हतं. आणि नंतर, सगळं कळल्यावर, बोलायची कोणाची छाती झाली नव्हती. डॉक्टरांनी पट्टी काढली, एक जाड भिंग अक्कांच्या डोळ्यापुढे धरलं आणि विचारलं, "काय दिसतं?"

अक्का बघत राहिल्या. बराच वेळ. नाना समोर उभे.

"हाऊ गुलाबी सदरा कोनी शिवा?" अक्कांनी विचारलं.

"राखी शे," नाना म्हणाले.

"गुलाबी शे."

नानांनी खाली आपल्या छातीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "भाऊ?"

"गुलाबी आहे, नाना," मी म्हणालो.

"केव्हापासून?"

अक्का इतक्या हसल्या की डॉक्टरांना त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरावं लागलं. नाना हसले नाहीत. ते तसेच उभे होते, आपला गुलाबी सदरा मुठीत धरून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पुढे अक्कांना जाड भिंगांचा चष्मा मिळाला आणि त्या शेडमध्ये यायला लागल्या. मालकांनी आपली खुर्ची पडद्याशेजारी ठेवून दिली, कोणी सांगितलं नसताना. डॉक्टरीणबाईंची गाडी पुन्हा आली. हिरवी गादी स्पिरिटनं धुतली, नव्यानं तेल दिलं, आणि या वेळी तुकडा रुमालात गेला नाही. अक्का तो हातात घेऊन शेडच्या बाहेर जायच्या, उन्हात धरायच्या, मग लिंबाच्या सावलीत धरायच्या. "थोडा काया टाका," म्हणायच्या. नाना काळ्याचा थेंब टाकायचे. "आखो थोडा." पुन्हा थेंब. पुढची आणि मागची गादी अशी जुळली की कोणती आधी केली ते सांगता येईना. बाई गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "खरं सांगू का, मला हिरव्याची सवय झाली होती."

लोकांना सगळं कळलं होतं. एक वकील आपली गाडी घेऊन परत गेले. ज्याला रंग दिसत नाही त्याच्या हाती कशी द्यायची, म्हणाले. आम्हाला राग आला. नाना म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मीही दिली नसती." बाकीच्यांना मात्र अक्कांचं नवल होतं. गाडी आणून ते अक्कांशीच बोलायचे आणि नाना मागे उभे राहून ऐकायचे. ते पूर्वीपेक्षा मोकळे झाले होते. नवा माणूस आला की स्वतःच सांगायचे, "मला लाल दिसत नाही हं. रंगाचं यांच्याशी बोला, शिवणीचं माझ्याशी." हे सांगताना त्यांचे वाकलेले खांदे थोडे वर यायचे.

मी त्यांना एकदा विचारलं, "नाना, मातीसारखा म्हणजे नेमका कसा दिसतो लाल?" ते विचार करून म्हणाले, "तुम्हाला कसा दिसतो ते सांगा, मग मी फरक सांगतो." मी सांगायला गेलो आणि मला काही सांगता येईना. दोघंही हसलो आणि कामाला लागलो.

काही वर्षं अशी गेली. मग रेक्झिन आलं. स्वस्त, चकचकीत, पाहिजे त्या रंगात मिळणारं. नव्या गाड्यांत तेच असायचं आणि जुन्या गाड्यांवरही लोक तेच चढवून घ्यायला लागले. नानांनी पहिल्यांदा रेक्झिन हातात घेतलं, अंगठ्यानं चोळलं, वास घेतला आणि माझ्याकडे परत दिलं. "याला तहान नाही," म्हणाले. काम कमी होत गेलं. त्याचं त्यांना फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. घोडे जाताना त्यांनी पाहिले होते. कधी शाळेची कातडी दप्तरं शिवायचे, कधी नुसतेच अक्कांबरोबर शेडमध्ये येऊन बसायचे आणि चहा पिऊन जायचे.

एका उन्हाळ्यात नानांना ताप आला आणि तो उतरला नाही. आठवडाभरात ते गेले. घरचं दुसरं कोणी नव्हतं, आम्हा शेडमधल्यांनीच खांदा दिला. त्यांचा कोपरा पुष्कळ दिवस तसाच होता, मग तिथे टायर रचले गेले. अक्का एरंडोलला आपल्या भाच्याकडे राहायला गेल्या.

पुढच्या वर्षी जळगावला एका गाडीचं काम होतं, परतताना मी एरंडोलला उतरलो. रंगाऱ्यांची गल्ली विचारत विचारत गेलो. तिथलं रंगकाम बरंचसं थांबलं होतं. हौद कोरडे होते, एखाद-दुसऱ्या घरी काम चालू होतं. अक्का ओट्यावर बसल्या होत्या, पांढऱ्या लुगड्यात, डोळ्यांवर तोच जाड चष्मा. त्यांनी मला लांबूनच ओळखलं आणि हाक मारली.

भाच्याच्या सुनेनं चहा आणला. अक्का नानांचं सांगत बसल्या. लग्न झाल्यावर पहिल्याच बाजारातून नानांनी त्यांच्यासाठी बांगड्या आणल्या होत्या. हिरव्या आणल्या म्हणून मोठ्या कौतुकानं हातात दिल्या. त्या लाल होत्या. नव्या नवरीनं काय बोलायचं? त्यांनी त्या भरल्या. सासूनं विचारलं, हिरव्या का नाहीत, तर म्हणाल्या, मलाच लाल आवडतात. त्यावरून बांगड्या लाल आहेत हे नानांना कळलं, आणि मग त्यांनी आपलं सगळं सांगितलं. "बठ्ठा धुयामा माले एकलीलेच सांगेल व्हतं," अक्का म्हणाल्या.

मग त्यांनी कप खाली ठेवला. चष्म्याआड त्यांचे डोळे फार मोठे दिसायचे.

"आते बठ्ठं चांगलं दिसस, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन कोनी इचारत नही."

बसची वेळ होत आली होती. गल्लीच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी दोरीवर एक लुगडं वाळत घातलं होतं आणि ते वाऱ्यानं फुगत होतं.

"अक्का," मी म्हणालो, "ते तिकडचं लुगडं कोणत्या रंगाचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला रंग दिसतात हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं दोन्ही भिंगं पुसली, पुन्हा घातला आणि नीट वळून बसल्या.

"डाळिंबी," त्या म्हणाल्या. "पन जुनं शे. उन्हमा उडेल शे. काठकडे दखा, भाऊ, तठे अजून खरा रंग शे."

मी काठाकडे पाहिलं.